मैफल कुणाची, हिशेब कुणाचा?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरात ‘स्त्रिया आणि सांस्कृतिक काम’ या सत्रातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हाच दोघी-तिघींनी विचारलं, की घरातली मारहाण, मालमत्तेतला वाटा, कामाच्या ठिकाणचा छळ हे सगळं सोडून युरोपातल्या जुन्या संगीताच्या मैफलींबद्दल आपण का बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की आपल्यातल्या बहुतेक संघटना वर्षातून दोन-चार वेळा तरी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करतात. आठ मार्चला करतात, वर्धापनदिनाला करतात, आधारगृहासाठी निधी हवा असला की करतात. पण हा कार्यक्रम आपल्या ‘खऱ्या’ कामाचा भाग आहे असं आपण मानत नाही. म्हणून तिथे कोण गातं, सतरंज्या कोण घालतं, पैसे कुणाकडे जातात, कुणाचं नाव छापलं जातं आणि निवांत बसून ऐकायला कुणाला मिळतं, हे प्रश्न आपण विचारत नाही. घराबाबत आणि कारखान्याबाबत जे प्रश्न आपण विचारतो, तेच मैफलीबाबतही विचारावेत, एवढंच मला आज मांडायचं आहे.

त्यासाठी मी तीन मैफल-मालिकांची उदाहरणं घेतली आहेत. पहिल्या दोन बरोक संगीताच्या आहेत, तिसरीत इतर संगीतही होतं. बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत. बाख, हेंडेल, व्हिवाल्दी ही त्यातली मोठी नावं. यातलं जे चेंबर संगीत, म्हणजे दालनातलं संगीत, ते आपल्या बैठकीच्या गाण्याच्या जवळचं आहे. तीन-चार किंवा फार तर दहा-बारा वादक, समोर पन्नास-शंभर माणसं, ध्वनिवर्धक नाही. त्यातलं हार्पसिकॉर्ड हे वाद्य दिसायला पियानोसारखं असतं, पण त्यात तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते. आवाज बारीक असतो. मोठ्या नाट्यगृहात तो हरवून जातो, म्हणून या संगीताला छोटी जागाच मानवते.

ऐकायला ते अवघड नाही. व्हिवाल्दींच्या कॉन्चेर्तोतला जलद भाग घ्या. सगळे वादक मिळून सुरुवातीला एक ठसठशीत ओळ वाजवतात. मग एकटं व्हायोलिन पुढे येऊन आपलं काही मांडतं, की पुन्हा सगळ्यांची ती ओळ येते. अभंगात ध्रुपद आणि कडवी असतात तसंच हे. ध्रुपद ओळखीचं झालं, की कडव्यात काय नवं आलं ते आपोआप कळू लागतं. आणि या सगळ्याच्या तळाशी चेलो आणि हार्पसिकॉर्डची साथ अखंड चालू असते. या साथीसाठी कागदावर फक्त खालचे सूर आणि त्यांच्याजवळ काही आकडे लिहिलेले असतात. बाकीचे सूर वाजवणारीने बसल्या जागी भरायचे. कागदावर जेमतेम दिसणारं, पण काढून घेतलं तर सगळंच खाली बसेल असं हे काम आहे. असं काम आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे, नाही का?

पिएताच्या मुली

पहिलं उदाहरण इटलीतल्या व्हेनिस शहराचं. मी समाजकार्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मला हे आधी संगीताचं उदाहरण वाटत नाही, संस्थेचं वाटतं. व्हेनिसमध्ये चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या. भिकाऱ्यांसाठी एक, असाध्य रोग्यांसाठी एक, निराधारांसाठी एक आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी एक. या चौथीचं नाव पिएता. ती १३४६ साली सुरू झाली. तिच्या भिंतीत एक कोनाडा होता. नको असलेलं, किंवा हवं असूनही सांभाळता न येणारं तान्हं मूल रात्री तिथे ठेवून जायचं. काही आया मुलाबरोबर अर्धं कापलेलं पदक किंवा चित्राचा अर्धा तुकडा ठेवत आणि उरलेला अर्धा स्वतःपाशी जपत. कधी दिवस पालटलेच, तर ओळख पटावी म्हणून. आपल्याकडे तमिळनाडू सरकारने १९९२ मध्ये पाळणा योजना सुरू केली, त्यामागची परिस्थिती आठवा. नकोशा झालेल्या मुली आणि त्यांच्या आया, हा प्रश्न एका देशाचा किंवा एका शतकाचा नाही.

पिएतात मुलगे मोठे झाले, की एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुली राहत. लग्न झालं किंवा मठात गेली तरच मुलगी बाहेर. नाहीतर तिचा सगळा जन्म तिथेच जाई. या मुलींचे दोन गट असत. बहुसंख्य मुली साध्या गटातल्या. त्या लेस विणत, सूत-रेशमाचं काम करत, स्वयंपाक आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करत. ज्यांना गळा किंवा हात होता अशा थोड्या मुलींना संगीताच्या गटात घेत. त्यांना लहानपणापासून कसून शिकवलं जाई. यातही पायऱ्या होत्या. शिकाऊ मुलगी पुढे वादक होई, आणि वयाने व विद्येने मोठी झाली की शिक्षिका. रोजचं शिकवणं बहुतांशी या शिक्षिकाच करत. बाहेरून नेमलेले पुरुष संगीतकार थोडे असत आणि त्यांची नेमणूक मंडळाच्या मतदानावर अवलंबून असे.

अशाच एका नेमणुकीवर १७०३ साली अंतोनिओ व्हिवाल्दी व्हायोलिनचे शिक्षक म्हणून आले. सुरुवातीचा पगार वर्षाला ६० डुकाट. १७०९ मध्ये मंडळाने त्यांना कमी केलं आणि १७११ मध्ये परत घेतलं. पुढे १७२३ मध्ये महिन्याला दोन कॉन्चेर्तो लिहून द्यायचे असा करार झाला. आज जगभर वाजणाऱ्या त्यांच्या रचनांपैकी पुष्कळ या मुलींसाठी लिहिल्या गेल्या. त्यांची ‘ग्लोरिया’ ही प्रसिद्ध धर्मरचनाही याच संस्थेसाठी झाली. तिच्यात पुरुषी आवाजाचे खालचे सूरही आहेत आणि पिएतात तेही स्त्रियाच गात. त्या काळात कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांनी गाण्याला सर्वसाधारणपणे मज्जाव होता. उंच पट्टीसाठी लहान मुलगे किंवा लहानपणी खच्ची केलेले पुरुष गायक वापरत. अशा जगात व्हायोलिनपासून बसूनपर्यंत सगळी वाद्यं स्त्रिया वाजवताहेत, स्त्रियाच शिकवताहेत आणि स्त्रियाच संचालन करताहेत, ही गोष्ट लहान नव्हती.

त्यांच्यातली एक अॅना मारिया. जन्म सुमारे १६९६. कोनाड्यातून आलेली, म्हणून आडनाव नाही. व्हायोलिन वाजवते म्हणून ‘व्हायोलिनवाली अॅना मारिया’ हेच तिचं पूर्ण नाव. १७१२ मध्ये तिच्यासाठी २० डुकाटला व्हायोलिन घेतल्याची नोंद आहे. व्हिवाल्दींनी तिच्यासाठी अनेक कॉन्चेर्तो लिहिले. पुढे ती व्हायोलिनची मुख्य शिक्षिका झाली आणि १७३७ मध्ये संपूर्ण संगीतगटाची प्रमुख. १७८२ मध्ये ती वारली तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती. एवढ्या आयुष्यात तिने किती मुली घडवल्या असतील याचा अंदाज करा. तिच्यासारख्या आणखीही होत्या: ओबोवाली पेलेग्रिना, खालच्या सुराची अॅना. कामावरून पडलेली ही नावं ऐकून आपल्याला ‘पोळीवाल्या बाई’ आठवत असतील.

आता मैफलीच्या व्यवस्थेकडे बघू. चर्चमध्ये वर सज्जा, सज्जाला लोखंडी जाळी, आणि जाळीच्या आत या स्त्रिया. रविवारी आणि सणावारी कार्यक्रम होत. देशोदेशीचे प्रवासी मुद्दाम येत. बसायला खुर्ची हवी तर भाडं द्यायचं, शिवाय दानपेटी होतीच. श्रीमंत श्रोते मृत्युपत्रात संस्थेला रक्कम ठेवत. देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत, म्हणून लोक खोकून, पाय घासून, नाक शिंकरून दाद देत. जमा झालेला पैसा संस्थेत येई आणि संस्थेचा कारभार उमराव व धनिक पुरुषांच्या मंडळाकडे होता. संगीताच्या गटातल्या स्त्रियांना इतरांपेक्षा बरं जेवण आणि थोडी मोकळीक मिळे, शिक्षिकांना बाहेरच्या विद्यार्थिनींची फी घेता येई. हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. पण पैशाचा मुख्य निर्णय जाळीच्या बाहेर होई.

जाळीमागचं कारण मर्यादेचं दिलं जाई. तिचा परिणाम काय झाला तो फ्रेंच विचारवंत रूसो यांच्या आत्मचरित्रात दिसतो. ते १७४३-४४ मध्ये व्हेनिसला होते. तिथल्या अशाच एका संस्थेतलं गाणं ऐकून ते भारावले, पण गाणाऱ्या देवदूतांसारख्या सुंदर असणार हे मनात धरून जाळीवर चरफडत राहिले. ओळखीने त्यांना आत प्रवेश मिळाला. एकीला एकच डोळा, एकीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण, जवळजवळ प्रत्येकीत काही ना काही व्यंग. रूसोंची निराशा झाली. मग जेवताना त्या मुलींचा मोकळा, हसरा स्वभाव पाहून त्यांचं मत पालटलं. माणूस समानतेबद्दल लिहिणारा, तरी आधी रूप तपासून घेतो. त्या मुलींना या पाहुण्याबद्दल काय वाटलं हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि बाहेर पडायचं तर? संस्था लग्नासाठी हुंडा देई, पण संगीतगटातल्या मुलीने लग्नानंतर व्हेनिसमध्ये जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत अशी अट असे. म्हणजे विद्या संस्थेची, मुलीची नव्हे. या चौकटीतून वाट काढणारी एक स्त्री आहे, माद्दालेना लोम्बार्दिनी. ती पिएतातली नव्हे, भिकाऱ्यांसाठीच्या संस्थेतली. १७४५ मध्ये जन्मली, सातव्या-आठव्या वर्षी संस्थेत घेतली गेली. प्रसिद्ध व्हायोलिनवादक तार्तिनी यांनी १७६० मध्ये तिला व्हायोलिनच्या रियाजाबद्दल लिहिलेलं पत्र पुढे छापलं गेलं आणि विद्यार्थी ते आजही वाचतात. १७६७ मध्ये तिने सिर्मेन नावाच्या वादकाशी लग्न केलं आणि दोघं दौऱ्यावर निघाली. पॅरिस आणि लंडनमध्ये तिने स्वतः वाजवलं, तिच्या रचना तिच्या नावाने छापल्या गेल्या. जाळीच्या आत मिळालेली विद्या ती बाहेर घेऊन गेली.

१७७० च्या दशकात या संस्थांची आर्थिक घडी विस्कटली, १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताकच संपलं आणि ही परंपरा मागे पडली. पिएता मात्र बालकल्याणाचं काम करणारी संस्था म्हणून आजही आहे. प्रवाशांसाठी व्हेनिसमध्ये व्हिवाल्दींच्या नावाने मैफली होतात आणि त्यांची तिकिटं खपतात. ज्यांच्या बोटांसाठी ते संगीत लिहिलं गेलं त्या स्त्रियांची नावं अभ्यासकांनी संस्थेच्या वह्या चाळून एकेक करून बाहेर काढली आहेत. संस्थांमध्ये काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपण आज हजेरीपटात आणि जमाखर्चात काय लिहितो, त्यावरच उद्या त्या बायका कुणाला दिसतील की नाही हे ठरतं.

स्वतःच्या दारातली मैफल

दुसरं उदाहरण वांदा लान्डोव्स्का यांचं. १८७९ मध्ये वॉर्सामध्ये जन्मलेल्या या ज्यू वंशाच्या वादक. त्यांच्या तरुणपणी हार्पसिकॉर्ड हे वस्तुसंग्रहालयातलं वाद्य झालं होतं. बाखचं संगीत लोक पियानोवर वाजवत. लान्डोव्स्कांनी हट्टाने जुनी वाद्यं पाहिली, जुनी पुस्तकं वाचली, पॅरिसच्या एका कारखान्याकडून आपल्या मागणीप्रमाणे नवं हार्पसिकॉर्ड करवून घेतलं आणि हे वाद्य पुन्हा मैफलीत आणलं.

१९२५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या उत्तरेला सँ-ल्य-ला-फोरे या गावात घर घेतलं, तिथे जुन्या संगीताची शाळा काढली आणि १९२७ मध्ये बागेत छोटं सभागृह बांधलं. उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिथे मैफली होत. श्रोते पॅरिसहून येत, देशोदेशीचे विद्यार्थी येत. बाखची ‘गोल्डबर्ग’ नावाची दीर्घ रचना, एक धून आणि तिचे तीस विस्तार, त्यांनी १९३३ मध्ये याच सभागृहात हार्पसिकॉर्डवर पूर्ण वाजवली. मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहाच्या मालकाला तासाभराहून लांब, बारीक आवाजाची अशी एकच रचना ठेवायची कल्पना पटली असती का? जागा स्वतःची होती, शाळा स्वतःची होती, म्हणून काय वाजवायचं, किती वेळ वाजवायचं आणि कुणाला शिकवायचं हे एक स्त्री ठरवू शकली. छोट्या मालिकेचं मोल इथे कळतं. शंभर माणसं मन लावून ऐकणारी असली, की हजारांची मर्जी राखावी लागत नाही.

पण हे सगळं किती नाजूक होतं तेही बघा. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसपर्यंत आलं आणि लान्डोव्स्कांना घर सोडून पळावं लागलं. मागे राहिलेली वाद्यं, पुस्तकं, हस्तलिखितं नाझींनी पेट्या भरभरून लुटून नेली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ७ डिसेंबर १९४१ रोजी, त्या शिष्या देनीज रेस्तू यांच्याबरोबर न्यूयॉर्कला उतरल्या. दोन-अडीच महिन्यांनी तिथे त्यांनी हीच ‘गोल्डबर्ग’ रचना वाजवून नव्याने सुरुवात केली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचं लेखन निवडून छापायचं काम रेस्तूबाईंनी केलं. एका नावामागे किती वर्षं दुसऱ्या एका बाईचे श्रम असतात, हेही इथे नोंदवून ठेवू.

एका शिलिंगातली मैफल

तिसरं उदाहरण लंडनचं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि हवाई हल्ल्याच्या भीतीने सभागृहं बंद झाली. नॅशनल गॅलरीतली चित्रंही सुरक्षित जागी हलवली, भिंती रिकाम्या झाल्या. पियानोवादक मायरा हेस यांनी आपला अमेरिकेचा दौरा रद्द केला आणि गॅलरीच्या संचालकांपुढे कल्पना मांडली, की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत इथे संगीत ठेवू या. संचालक केनेथ क्लार्क यांनी विचारलं, मग रोजच का नको?

१० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. वादक स्वतः हेस. कार्यक्रमात स्कार्लात्ती आणि बाख यांच्या रचना होत्या, बीथोव्हेन वगैरे नंतरचं संगीतही होतं. थोडेच लोक येतील असं वाटत होतं, आले हजाराच्या आसपास. तिथून १९४६ च्या एप्रिलपर्यंत, सोमवार ते शुक्रवार, मैफली चालू राहिल्या. एकूण १६९८ मैफली आणि ८ लाख २४ हजारांवर श्रोते. सरासरी काढली तर मैफलीला पाचशेच्या आतच माणसं; पण साडेसहा वर्षं, रोज.

या मालिकेची व्यवस्था आपण नीट समजून घ्यावी अशी आहे. प्रवेश एका शिलिंगाचा, सगळ्यांना सारखा, राखीव जागांचं प्रस्थ नाही. कारकून, टायपिस्ट, परिचारिका, सैनिक, जो येईल तो. वेळ जेवणाच्या सुट्टीची, म्हणजे संध्याकाळी घरी चूल वाट पाहत असलेल्या नोकरदार बाईलाही येता येईल अशी. वादक नामवंत असो की नवखा, ठरलेलं मानधन सर्वांना सारखंच मिळे. हेस स्वतः मानधन घेत नसत. उरलेली रक्कम अडचणीतल्या संगीतकारांच्या मदतनिधीला जाई. स्वयंसेवक स्त्रियांनी उपाहारगृह चालवलं आणि त्यांची मध-मनुकांची सँडविचेस मैफलीइतकीच गाजली. बॉम्ब पडू लागले तेव्हा मैफल तळघरात गेली. एकदा इमारतीच्या आवारात न फुटलेला बॉम्ब सापडला, तर लांबच्या दालनात मैफल घेतली. वादन चालू असताना तो फुटला, आणि वादक थांबले नाहीत असं सांगतात. शत्रू जर्मन होता, तरी बाख आणि बीथोव्हेन वाजत राहिले.

उपाहारगृहातल्या बायकांना वर चाललेलं संगीत किती वेळा बसून ऐकता आलं, असा प्रश्न माझ्या मनात येतो. मालिका चांगली होती म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असं मी मानत नाही.

आता आपल्याकडे

आपल्याकडेही बाईने लोकांसमोर बसून गाणं आणि त्याचे राजरोस पैसे घेणं हे सहज झालेलं नाही. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा कुठे ते प्रतिष्ठेचं मानलं जाऊ लागलं. हा इतिहास आपल्याला माहीत असतो. तरीही कार्यक्रम ठरवताना गाणाऱ्या मैत्रिणीला ‘तू आपलीच आहेस ना’ म्हणून आपण फुकट गायला बोलावतो, आणि मांडववाल्याचं बिल मात्र त्याच दिवशी चुकतं करतो.

याहून गंभीर गोष्ट संस्थांमधल्या मुलींची आहे. बालगृहात किंवा आधारगृहात देणगीदार येणार म्हटलं, की मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्यायचं, एकसारखे कपडे घालून त्यांना रांगेत उभं करायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती कुणाला खटकत नाही. परीक्षा असो, पाळी आलेली असो, मन ठिकाणावर नसो. पाहुणे आले की गायचं. गाण्याच्या शेवटी धनादेश दिला जातो, फोटो निघतो. व्हेनिसची जाळी आणि आपलं हे व्यासपीठ यांत मला फार अंतर दिसत नाही. तिथे मुली दिसत नव्हत्या, इथे मुद्दाम दाखवल्या जातात. दोन्हीकडे मुलीला विचारलेलं नसतं. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला बंदी घातलेली आहे. कायदा आपण छापील फोटोपुरता पाळतो, त्यामागचा विचार मात्र संस्थेच्या अंगणात आणत नाही.

याचा अर्थ मुलींना संगीत शिकवू नये असा मुळीच नाही. उलट, कसून शिकवावं. अॅना मारियाला जे मिळालं ते कुठल्याही मुलीला मिळावं: चांगलं वाद्य, चांगली शिक्षिका आणि आयुष्यभर पुरेल अशी विद्या. तिच्याबरोबर माद्दालेनाचं स्वातंत्र्यही मिळावं, म्हणजे ती विद्या घेऊन बाहेर जाण्याची मुभा.

तेव्हा वर्षाला चार-सहा छोट्या मैफलींची मालिका एखाद्या गटाने करायची ठरवली, तर मी काही गोष्टी सुचवते. संगीत बरोक असो, नाट्यगीतं असोत की ओव्या असोत, त्याने फरक पडत नाही.

एक. जागा लहान घ्या. शाळेचा वर्ग, वाचनालय, कुणाची ओसरी. ध्वनिवर्धकाचा खर्च वाचतो, आणि मागच्या रांगेतल्या बाईलाही गाणारीचा चेहरा दिसतो.

दोन. मानधन आधी ठरवा आणि ते सगळ्यांना सारखं ठेवा, साथीदारांनाही. थोडं असलं तरी चालेल, पण पाकिटात घालून त्याच संध्याकाळी द्या. जमाखर्च पुढच्या मैफलीच्या आधी भिंतीवर लावा.

तीन. पत्रिकेत सगळ्यांची पूर्ण नावं छापा. तंबोऱ्यावर बसणारी, स्वर जुळवून देणारी, चहा करणारी, सगळ्यांची. ‘आणि इतर’ हे शब्द वापरायचे नाहीत.

चार. वेळ ठरवताना ज्या बायकांना आपण बोलावतो त्यांचा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. पाणी कधी येतं, शेवटची बस कधी आहे, लहान मुलं कुणाजवळ ठेवायची. मुलं सांभाळायची पाळी पुरुष कार्यकर्त्यांना द्या.

पाच. संस्थेतली मुलगी गाणार असेल तर तिला आधी विचारा, आणि तिचा नकार तक्रार न करता घ्या. देणगीदार आला म्हणून कुणालाही गायला लावायचं नाही, हे मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा. कार्यक्रम निवडणाऱ्या समितीत संस्थेत राहणाऱ्या स्त्रिया असू द्या.

सहा. कामाच्या पाळ्या अशा लावा, की प्रत्येक कार्यकर्तीला चारांपैकी निदान दोन मैफली सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकता येतील. चहा मध्यंतराऐवजी शेवटी ठेवला, तर हे बरंच सोपं होतं.

शेवटचा मुद्दा आनंदाचा. प्रकल्पाच्या अहवालात आपण लिहितो, की संगीतामुळे महिलांचा आत्मविश्वास वाढला, ताण कमी झाला. तसं होतही असेल. पण गाणं आवडतं म्हणून ऐकायला आले, असं म्हणायला बाईला संकोच वाटतो, कारण तिच्या प्रत्येक तासाचा उपयोग तिला कुणाला तरी सांगावा लागतो. पुरुष संध्याकाळी पारावर जाऊन बसतो, त्याला कुणी उपयोग विचारत नाही. तेव्हा मैफलीचा तास हा बाईचा स्वतःचा तास आहे, त्याचा फायदा तिने आपल्याला पटवून द्यायचा नाही, हेही आपल्या मागण्यांमध्ये असू द्या. आठ तास काम आणि आठ तास विश्रांती मागणाऱ्या कामगारांनी उरलेले आठ तास स्वतःसाठी मागितले होते. बाईच्या वाट्याचे ते आठ तास अजून कुणी नीट मोजलेले नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या शेवटच्या सांस्कृतिक कार्यक्रमाचा हिशेब घेऊन यावं अशी माझी विनंती आहे. पैसे कुणाला किती दिले, नावं कुणाची छापली, आणि आपल्यापैकी कोण कोण ऐकायला बसू शकलं. त्यावर सगळ्या मिळून बोलू.